थ्री फेजवर अर्थ लूपचं रीडिंग दर वेळी वेगळं येतंय, शोधायचं नेमकं कुठं?

पंचगंगाकाठ
मंडळी नमस्कार. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपचं मेंटेनन्स बघतो. एलटी (लो टेन्शन) कनेक्शन आहे, डीपीवरून, म्हणजे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवरून, थ्री फेज फोर वायर, अर्थिंग आपलं स्वतःचं, आवारात तीन पिट (अर्थिंगचे खड्डे) जीआय पट्टीनं एकमेकांना जोडलेले. मालकांनी मध्यंतरी नवीन लूप टेस्टर घेऊन दिला म्हणून सगळ्या डीबीवर (डिस्ट्रिब्युशन बोर्डांवर) अर्थ लूप, म्हणजे फेजमधून अर्थला जाऊन परत येणाऱ्या रस्त्याचा रेझिस्टन्स, घ्यायला लागलो आणि तिथूनच डोक्याला ताप झालाय. एकच डीबी, प्रोब त्याच जागी, आणि (आर, वाय, बी हे तीन फेज) आर-अर्थ १.९ ओहम, वाय-अर्थ २.४, बी-अर्थ ३.१. चहा घेऊन येऊन परत घेतलं की आर २.८ आणि बी २.०! टेस्टरच बाद असेल म्हणून दुकानदाराकडनं बदलून आणला, तर तोही तसाच नाचतोय. न्यूट्रलशी घेतलं तर मात्र आर-एन ०.२१, वाय-एन ०.२२, बी-एन ०.२९, हे वेल्डिंग बंद असलं की फारसं हलत नाही. मेनला ३०० मिलिअँपची आरसीसीबी (अर्थला करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे म्हणून अर्थचं टेस्टिंग नो-ट्रिप मोडवर करतोय. शॉपमध्ये दोन सीएनसी, व्हीएफडीवाली (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) लेथं, एक वेल्डिंग सेट, कॅपॅसिटर पॅनेल, आणि भिंतीपलीकडं फौंड्री.
यातलं कुठलं रीडिंग रजिस्टरला लिहायचं? एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पाचसहा घे आणि सरासरी लिही. ते मनाला पटत नाही.

मळ्यातला_वायरमन
पिटात दोन बादल्या पाणी आणि किलोभर मीठ टाक भावा, गुमान खाली येतंय बघ.

सुलभा_आयटीआय
मळ्यातले दादा, हे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. त्यांची तक्रार रीडिंग जास्त आहे अशी नाहीच, ते एका जागी थांबत नाही अशी आहे.

पंचगंगाकाठ, मी मुलांना शिकवताना लूपचा रस्ता फळ्यावर आधी काढायला लावते, तेवढं केलं की निम्मा गोंधळ मिटतो. टेस्टर फेजवरून अर्थला थोडा वेळ करंट सोडतो. तो तुमच्या अर्थ वायरमधून पिटात, पिटातून जमिनीत, जमिनीतून डीपीच्या न्यूट्रल अर्थिंगला, तिथून ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून परत फेजच्या केबलनं तुमच्यापर्यंत येतो. आता बघा, या रस्त्यातला अर्थ वायर, पिट, जमीन, डीपीचं अर्थिंग हा सगळा भाग आर, वाय, बी तिघांना सामाईक आहे. वेगळं काय, तर फक्त फेजची वायर, तिचे जोड आणि तिचं वाइंडिंग. म्हणजे तीन फेजच्या अर्थ रीडिंगमध्ये फरक आला तर तो पिटामुळे येऊच शकत नाही. पिट खराब असेल तर तिन्ही सारखीच वर जातील.

म्हणून फरकाचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवा. एक, कायम एकाच फेजला तेवढाच फरक: तो फेजच्या वायरमध्ये किंवा जोडात आहे. दुसरा, आज आर ला जास्त तर उद्या बी ला: तो तारेत नाही, मोजण्यात आहे. तुमच्या पोस्टमध्ये मला दोन्ही दिसतायत. अर्थची रीडिंग उड्या मारतायत, पण बी-एन गपचूप ०.०७-०.०८ जास्तच येतंय. मला काळजी त्या बी-एनची वाटते.

ओहमकार
+१ ताई. बी-एनचं माझ्या डोळ्याखालनं सुटलं होतं.

व्हीएफडीवाला_नाशिक
उड्या का मारतंय ते आकड्यात सांगतो. नो-ट्रिप मोडमध्ये टेस्टर साधारण १५ मिलिअँप सोडतो, आरसीसीबी पडू नये म्हणून. तुझा लूप २ ओहम धरला तर त्या करंटनं व्होल्टेज पडणार ३० मिलिव्होल्ट. म्हणजे २३० व्होल्टच्या सप्लायमध्ये ३० मिलिव्होल्टचा फरक तो बिचारा शोधत बसलेला असतो. तुझ्या व्हीएफडीच्या फिल्टरमधून अर्थला सतत लीकेज जात असतं, काही दहा मिलिअँप तरी, आणि लोडप्रमाणे ते कमीजास्त होतं. तेच २ ओहमच्या अर्थवर हललं की टेस्टरच्या सिग्नलपेक्षा ते मोठं. बँडवाले दारात वाजवतायत आणि तू घरात कुणाची कुजबुज ऐकतोयस, असला प्रकार आहे हा.

न्यूट्रलशी घेताना आरसीसीबी पडायचा प्रश्नच नसतो, कारण करंट फेजनं गेला आणि न्यूट्रलनं परत आला. म्हणून बरेच टेस्टर तिथं मोठा करंट सोडतात, वीस अँपच्या आसपास, एखाद-दोन सायकलपुरता. २० अँप गुणिले ०.२१ म्हणजे ४ व्होल्टच्या वर, ते टेस्टरला स्वच्छ दिसतं. तुझं एन-रीडिंग स्थिर का आणि अर्थ-रीडिंग अस्थिर का, याचं उत्तर एवढंच. टेस्टर बदलून काही होणार नव्हतं.

पण मोठ्या करंटवरही डोळे झाकून जाऊ नको. टेस्ट चालू असतानाच वेल्डिंगवाल्यानं आर्क मारला आणि सप्लाय २ व्होल्ट खाली आला तर २ भागिले २० म्हणजे ०.१ ओहमची चूक आली. २ ओहमच्या लूपला ते चालून जातं, ०.२ च्या लूपला निम्मं रीडिंग खोटं. फौंड्रीची फर्नेस त्याच फीडरवर असेल तर तेही धर.

जुनाजाणता
हे सगळं नवीन फॅड आहे. आम्ही आयुष्यभर तीन पिनांच्या अर्थ टेस्टरनं पिट मोजले, विद्युत निरीक्षकांना तेच रीडिंग दाखवलं, कुठं काही अडलं नाही. खुंट्या ठोका, हँडल फिरवा, रीडिंग घ्या. व्हीएफडी नको आणि नो-ट्रिप नको.

सुलभा_आयटीआय
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. पण ती दोन वेगळी मापं आहेत. खुंट्यांचं टेस्टिंग फक्त पिट आणि माती सांगतं. तेही पिट बाकीच्या जाळ्यापासून सोडवला आणि खुंट्या पुरेशा लांब ठोकल्या तर, मधली खुंटी एकूण अंतराच्या ६२ टक्क्यांच्या आसपास. एमआयडीसीत काँक्रीट ओतलेल्या आवारात तेवढी मोकळी जमीन मिळते कुठे? आणि समजा पिट १ ओहम आला पण लेथपासून अर्थबारपर्यंतची वायर कुठे तुटली असेल तर खुंट्यांना त्याचा पत्ता लागत नाही. लेथची बॉडी लाईव्ह झाली तर ब्रेकर पडणार की नाही, हे पूर्ण लूप मोजल्याशिवाय कळत नाही.

जुनाजाणता
वायर तुटली आहे का ते कंटिन्युइटीनं कळतं की. पण लांब ठोकायचा मुद्दा मान्य. हल्ली जागाच नसते.

लीड्सहून_केदार
इकडे इंग्लंडमध्ये टेस्टिंग-इन्स्पेक्शनच करतो म्हणून लिहितोय. इथे बऱ्याच ठिकाणी वीज कंपनीच अर्थ देते, त्यामुळे बाहेरच्या लूपला ०.३५ किंवा ०.८ ओहम ही कमाल मर्यादा गृहीत धरतात, कुठली ते सप्लायच्या प्रकारावर. खेडेगावात स्वतःचा रॉड असेल तर तीच २१ ओहमपर्यंत जाते. तुमचं हे स्वतःच्या अर्थिंगचं, म्हणजे इकडच्या भाषेत टीटी. त्यात २ ओहम म्हणजे उत्तम आहे, घाबरू नका.

आम्ही करतो ते असं: मेन इनकमरला, म्हणजे आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला, मोठ्या करंटनं तिन्ही फेज घ्यायचे. तिथून आरसीसीबी पडत नाही, कारण करंट तिच्यातून जातच नाही. मग पुढच्या सर्किटची फेज वायर अधिक अर्थ वायर, सप्लाय बंद करून, लो-ओहम मीटरनं. दोन्हीची बेरीज म्हणजे तुमचा लूप. लाईव्ह नो-ट्रिप रीडिंग फक्त पडताळ्याला. त्यात आरसीसीबीच्या आतल्या कॉइलमुळेसुद्धा थोडी भर पडते, आणि ६ अँपच्या छोट्या एमसीबीमागं (जास्त करंटला पडणारा ब्रेकर) घेतलं तर एमसीबीच्या कॉइलची.

लीड झिरो करायला विसरू नका, आणि क्लिप पावडर कोटिंगवर लावू नका, खरवडून उघड्या धातूला किंवा थेट अर्थ स्टडला लावा.

मळ्यातला_वायरमन
ताई म्हणतात ते बरोबर, मी जास्त रीडिंगचं समजून बोललो. पण केदारभाऊ, २१ ओहम? आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीला त्याच्याबी वर जातंय, काळी माती तडकली की पट्टीच्या बाजूनं बोट जाईल एवढी फट पडते. पहिला वळीव झाला की अर्ध्यावर येतंय.

जांभा_दगड
अवांतर: आमच्या रत्नागिरीकडे जांभ्यात याहून वाईट. पाणी घातलं की झिरपून जातं, पिटात राहतच नाही. चर खणून आडवी पट्टी लांबवर टाकली आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलं तेव्हा जरा माणसात आलं. इलेक्ट्रोड एकमेकांना चिकटून ठोकण्यात काही हशील नाही, लांबीच्या दुप्पट तरी अंतर ठेवा. तीन रॉड हातभर अंतरात ठोकून तीन पिटांचं बिल लावलेलं मी बघितलंय.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी व्हीएफडी, वेल्डिंग सगळं बंद करून इनकमरला घेतो. तोवर एक विचारतो, १.९ आणि ३.१ यात सुरक्षिततेच्या दृष्टीनं फरक काय पडतो? ३२ अँप सी-कर्व्ह एमसीबी आहेत लेथला.

ओहमकार
हा खरा प्रश्न! हिशेब कर. २३० भागिले १.९ म्हणजे १२१ अँप. सी-कर्व्ह ३२ ची झटक्यात पडायची खात्री दहापटीला, म्हणजे ३२० अँपला. त्यासाठी लूप ०.७२ ओहमच्या आत हवा, आणि तापलेल्या वायरीचा रेझिस्टन्स वाढतो म्हणून प्रत्यक्षात मोजताना ०.५७ धरतात. तू १.९ वर आहेस. बॉडी फॉल्ट झाला तर १२१ अँप वाहत राहणार, एमसीबी गरम होऊन काही सेकंदांनी कधीतरी पडणार आणि तेवढा वेळ लेथच्या बॉडीवर ५० व्होल्टच्या कितीतरी वर असणार. त्या वेळी ऑपरेटरचा हात हँडव्हीलवर आहे असं समज.

त्यामुळं तुझा सगळा भरवसा आरसीसीबीवर. ३०० मिलिअँपला ५० व्होल्टच्या हिशेबानं १६७ ओहमपर्यंत लूप चालतो, म्हणजे १.९ असो की ३.१, तिला काही फरक पडत नाही. तिचं टेस्ट बटण दाबत जा, आणि जमलं तर टेस्टरनं ट्रिपचा वेळही मोज. आमच्या इथं एका शेडमध्ये 'सारखी पडते' म्हणून आरसीसीबीला बाहेरनं जंपर मारून ठेवली होती. २ ओहमच्या अर्थिंगवर! मी तो जंपर काढला आणि सुपरवायझरशी भांडलो. अशा ठिकाणी भांडायलाच हवं.

व्हीएफडीवाला_नाशिक
अगदी. आणि थ्री फेज व्हीएफडीवर साधी आरसीसीबी असेल तर प्रकार बघून घे. ड्राइव्हमध्ये फॉल्ट झाला तर सरळ डीसी करंट अर्थला जाऊ शकतो, त्यानं साध्या आरसीसीबीचा कोअर बधिर होतो. तिथं टाइप बी लागते. महाग आहे, पण मालकांना समजावून सांग.

एचटी_पॅनेल
आमच्याकडे उलटी तऱ्हा. स्वतःचा १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, ११ केव्ही/४३३, न्यूट्रलचं अर्थिंग आणि बॉडीचं अर्थिंग एकाच ग्रिडला. माती लूपमध्ये येतच नाही, सगळा धातूचा रस्ता. पीसीसी पॅनेलला (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या मुख्य पॅनेलला) घेतलं की टेस्टर आर ०.०० दाखवतो, वाय ०.०३, बी ०.०१. नवीन मुलगा आला होता, म्हणाला सर वाय फेजचा जोड सैल आहे. त्याला गणित करायला बसवलं: ट्रान्सफॉर्मरचा ५ टक्के इम्पिडन्स (एसीला होणारा एकूण विरोध), ४३३ चा वर्ग गुणिले ०.०५ भागिले दहा लाख, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ मिलिओहम. टेस्टरचा शेवटचा आकडाच दहा मिलिओहमचा, आणि चुकीची मुभा त्यातल्या पाच आकड्यांची. तिथे ०.०० आणि ०.०३ यात काही अर्थ नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मरजवळ लूप रेझिस्टन्सपेक्षा रिअॅक्टन्सचा (वाइंडिंगच्या चुंबकीय परिणामामुळे एसीला होणाऱ्या विरोधाचा) जास्त असतो, साध्या टेस्टरला तो नीट पकडता येत नाही. मिलिओहम मोजणारा मोठ्या करंटचा टेस्टर आणा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून हिशेब करा.

ओहमकार
हे उपयोगाचं लिहिलंत. जनरेटरवर असताना घेतलेलं रीडिंगही रजिस्टरात वेगळं लिहावं, सोर्स बदलला की लूप बदलला. एका ठिकाणी डीजीचा न्यूट्रल अर्थच केला नव्हता, तिथं लूपला परतीचा रस्ताच नाही, टेस्टर एरर दाखवत होता आणि लोक टेस्टरला शिव्या घालत होते.

पंचगंगाकाठ
आलो. सुट्टीच्या दिवशी केलं, बरोबर अजून एक लायसन्सवाला वायरमन घेतला, हातमोजे घालून.

लोड सगळं बंद, आरसीसीबीच्या इनकमिंग टर्मिनलवर मोठा करंट. आर-अर्थ १.९२, वाय-अर्थ १.९२, बी-अर्थ २.००. परत घेतलं तरी शेवटच्या आकड्यात एखाददुसरा फरक, बाकी दगडासारखं स्थिर. न्यूट्रलशी ०.२०, ०.२०, ०.२८. म्हणजे अर्थला घ्या की न्यूट्रलला, बी फेज तेवढाच ०.०८ नं जास्त! सुलभाताई, तुमचं वाक्य अक्षरशः समोर दिसलं.

मग मागं मागं गेलो. मेन स्विचच्या इनकमिंगला बी-एन ०.२०, आउटगोइंगला ०.२०, आरसीसीबीला ०.२८. म्हणजे मधल्या केबलच्या दोन टोकांपैकी कुठंतरी. दुसऱ्या दिवशी लोड चालू असताना मिलिव्होल्टवर मल्टिमीटर लावून जोडांवरचा ड्रॉप बघितला: आर आणि वाय च्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) तीस-चाळीस मिलिव्होल्ट, बी च्या मेन स्विचकडच्या लगवर २.३ व्होल्ट. लोड तीसएक अँप.

व्हीएफडीवाला_नाशिक
२.३ गुणिले ३० म्हणजे ६९ वॅट! एवढी उष्णता एका लगमध्ये. ताबडतोब बंद कर.

पंचगंगाकाठ
केलं, लगेच शटडाउन घेतला. अॅल्युमिनियमची केबल, तिला साधा अॅल्युमिनियमचा लग आणि तो थेट तांब्याच्या पट्टीवर कसलेला. बोल्ट घट्टच होता, म्हणून दर वेळी टाइटनिंग करताना तो 'ओके' होत गेला. पण लगची निळी स्लीव्ह तपकिरी पडून कडक झालेली, आणि केबल हातानं फिरवली तर लगच्या नळीत ती गोल फिरली. क्रिम्पिंगच सैल. लग कापून काढला तर आतल्या तारा काळ्या, टोकाला पांढरी पूड.

केबल मागं घेऊन ताजी तार काढली, ब्रश मारला, जॉइंटिंग कंपाउंड लावून बायमेटॅलिक लग हायड्रॉलिक टूलनं क्रिम्प केला. आर आणि वाय चे पण बदलले, तेही त्याच वेळचे. आता न्यूट्रलशी तिन्ही ०.२०.

अजून एक केलं. मेन बंद करून कुलूप लावून, मग अर्थबारची मुख्य लिंक सोडवून फक्त पिटांच्या बाजूला टेस्टर लावला. ३.४ ओहम! लिंक जोडलेली असताना १.९२. उरलेलं शेडचे खांब आणि बोअरचा केसिंग पाइप करतायत.

लीड्सहून_केदार
छान, हे फार लोक बघत नाहीत. रजिस्टरला दोन्ही लिहा, कुठलं कसं घेतलं त्यासकट. उद्या बोअरचा पाइप प्लास्टिकचा झाला किंवा शेड वाढवताना खांब बदलले तर तुमचं १.९ नाहीसं होईल. तुमचं स्वतःचं अर्थिंग ३.४ वालं समजा.
वाचणाऱ्यांसाठी: सप्लाय चालू असताना ती लिंक कुणीही सोडवू नका. आणि लाईव्ह लूप घ्यायच्या आधी सप्लाय बंद ठेवून अर्थ वायरची कंटिन्युइटी बघा. अर्थ तुटलेला असेल तर टेस्टर ज्या क्षणी करंट सोडतो त्या क्षणी तेवढी बॉडी लाईव्ह होते.

जुनाजाणता
बोल्ट घट्ट पण लगमध्ये केबल सैल, हे मी पण पाहिलंय. पान्यानं कळत नाही. हा मिलिव्होल्टचा प्रकार आमच्या इथल्या पोरांना करायला सांगणार आहे.

मळ्यातला_वायरमन
नाद खुळा. बायमेटॅलिक लग केवढ्याला पडला? ३५ स्क्वेअरचा पाहिजे होता, पंपाच्या पेटीत माझ्याकडंबी तांबं-अॅल्युमिनियम असंच कसलंय.

पंचगंगाकाठ
व्यनि करतो दुकानाचं. आणि ताई, रजिस्टरला आता असं लिहितोय: इनकमरला मोठ्या करंटचं रीडिंग, सप्लाय बंद ठेवून मोजलेली वायर, बेरीज, आणि बाजूला त्या वेळी कुठलं लोड चालू होतं ते. नो-ट्रिपचा कॉलम काढला नाही, फक्त वर 'पडताळा' लिहिलंय. चालेल ना?

सुलभा_आयटीआय
चालेल. अजून दोन कॉलम घाला, शेवटचा पाऊस कधी झाला तो आणि तिन्ही फेजचं न्यूट्रलशी रीडिंग. मे महिन्यात परत घ्या आणि इथेच टाका, मला वर्गात दाखवायला तुमचे आकडे हवेत.